पुठ्ठ्याची चिमुकली सजावट वाळल्यावर का वाकते आणि ती सपाट कशी ठेवावी

जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यापासून सणासुदीसाठी पाच-सहा सेंटिमीटरची घरे, झाडे, चांदण्या आणि कंदील बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते. रात्री चिकटवून आणि रंगवून ठेवलेला तुकडा अगदी सपाट दिसत असतो आणि सकाळी त्याच्या कडा उचललेल्या असतात. छप्पर पन्हळीसारखे वळलेले असते, चांदणीची टोके पुढे झुकलेली असतात, भिंत पोट पुढे काढून उभी असते. त्यावर जाड पुस्तक ठेवले की तुकडा सरळ होतो आणि पुस्तक उचलल्यावर तासाभरात पुन्हा वळतो. दोष कधी गोंदाला दिला जातो, कधी रंगाला, कधी ‘पुठ्ठाच हलका होता’ असे म्हणून पुठ्ठ्याला. मूळ मात्र बहुतेक वेळा एकच असते, आणि ते समजून न घेता केलेला उपाय एका वस्तूला लागू पडतो नि दुसरीला पडत नाही.

मला हे उमगायला नऊ घरांची एक ओळ खर्ची पडली. नऊही छपरे एकाच खोक्यातून कापलेली होती, एकाच बाटलीतल्या पांढऱ्या गोंदाने त्यांच्यावर एकाच रंगाचा कागद चिकटवला होता आणि सगळी एकाच संध्याकाळी वाळत ठेवली होती. सकाळी पाच छपरे वाकलेली होती आणि चार जशीच्या तशी होती. पुढच्या खेपेला मी गोंद बदलला, त्यापुढच्या खेपेला शब्दकोशाचे दोन खंड एकावर एक रचून वजन वाढवले, तरी हिशेब काही जुळेना. शेवटी ज्या खोक्यातून तुकडे कापले होते त्याचा उरलेला सांगाडा टेबलावर पसरला आणि कापलेल्या जागांमध्ये छपरे परत बसवून पाहिली, तेव्हा दिसले की सपाट राहिलेली चार छपरे खोक्याच्या लांबीला धरून कापली होती आणि पुठ्ठा वाया जाऊ नये म्हणून उरलेल्या जागेत आडवी बसवलेली पाचच्या पाच वाकली होती. काटकसर करताना मी पुठ्ठ्याची दिशा बदलली होती, एवढाच काय तो फरक होता.

पुठ्ठ्याच्या आत काय चालते

पुठ्ठा म्हणजे लगद्यातले तंतू एकमेकांवर बसवून आणि दाबून केलेला जाड कागद. यंत्रावर पातळ लगदा जाळीवरून पुढे धावत असताना बरेचसे तंतू त्या धावण्याच्या दिशेला लांबट पडतात आणि तसेच वाळतात. छपाई आणि बांधणीच्या कामात या दिशेला ग्रेन म्हणतात. तंतू पाणी प्यायला की तो जाडीने चांगलाच फुगतो, लांबीने मात्र जेमतेम एखाद-दोन टक्के वाढतो. त्यामुळे ओला झालेला पुठ्ठा ग्रेनच्या दिशेने जवळपास तेवढाच राहतो आणि ग्रेनला आडव्या दिशेने पसरतो. वाळताना तो त्याच आडव्या दिशेने आक्रसतो.

दोन्ही बाजूंना सारखे पाणी मिळाले तर दोन्ही बाजू सारख्याच फुगतात, सारख्याच आक्रसतात आणि तुकडा सपाट राहतो. आपण मात्र गोंद एका बाजूला लावतो, रंगही त्याच बाजूला देतो आणि मागची बाजू कोरडी सोडतो. गोंद लावल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत ओली बाजू फुगते, म्हणून तुकडा ओल्या बाजूकडे फुगवटा धरतो. पाणी उडून जाऊ लागले की चित्र उलटते: फुगू पाहणारा पण मागच्या कोरड्या थराने अडवून धरलेला तो थर आता पहिल्यापेक्षाही जास्त आक्रसतो, त्यावर चिकटवलेला कागद आक्रसतो, गोंदाचा पापुद्राही आक्रसतो, आणि हे तिघे मिळून तुकड्याला आपल्याकडे ओढतात. सकाळी दिसणारा खोलगटपणा म्हणूनच नेहमी गोंदाच्या किंवा रंगाच्या बाजूला असतो, आणि वळलेल्या सुरळीचा अक्ष ग्रेनला समांतर असतो.

छोट्या वस्तूंमध्येच हे इतके का जाणवते, याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. छप्पर ६० मिमी रुंद आणि ०.५ मिमी जाड आहे असे धरू. वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा फक्त अर्धा टक्का, म्हणजे ०.३ मिमी, आखूड झाली तरी मधोमध सुमारे ४.५ मिमीचा बाक पडतो. सहा सेंटिमीटरच्या छपराला तो बाक लांबूनही दिसतो. तेवढाच फरक १ मिमी जाडीच्या पुठ्ठ्यात पडला असता तर बाक निम्मा झाला असता. चिमुकल्या वस्तूंसाठी आपण पातळ पुठ्ठा निवडतो, कारण तो नाजूक कापता येतो, आणि पातळ पुठ्ठाच सर्वांत जास्त वळतो.

पाण्याचाही अंदाज घ्यावा. पांढऱ्या गोंदात साधारण निम्मे पाणी असते. ६० मिमी लांब आणि ४० मिमी रुंद तुकड्यावर तो ०.१ मिमी जाडीने पसरला तर त्यातून सुमारे ०.१२ ग्रॅम पाणी आत शिरते. एवढ्या आकाराच्या अर्ध्या मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे स्वतःचे वजन ०.८ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे त्याच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के पाणी आपण एका बाजूने एका दमात पाजतो. नेहमीच्या हवेत तो पुठ्ठा सात-आठ टक्के ओलावा बाळगून असतो, हे लक्षात घेतले की तो का बिथरतो ते वेगळे सांगावे लागत नाही.

आधी वाकलेला तुकडा नीट पाहावा

उपायाकडे धावण्याआधी वाकलेला तुकडा हातात घेऊन तो कोणत्या बाजूला खोलगट आहे, कोणत्या दिशेने वळला आहे आणि कधी वळला हे तपासावे. गोंद लावताच दोन मिनिटांत ओल्या बाजूकडे फुगवटा आला असेल तर तो दोष नव्हे. त्या वेळी घाबरून तुकडा हाताने उलटा वाकवू नये, कारण ओला पुठ्ठा वाकवला की आतले थर सरकतात आणि मग कायमची सुरकुती पडते. वाळल्यावर गोंदाच्या बाजूला सुरळीसारखा खोलगटपणा आला असेल तर वर सांगितलेली एकतर्फी ओढ आहे असे समजावे.

तुकडा सुरळीसारखा न वळता कोपऱ्यातून कोपऱ्यात पिळला गेला असेल, म्हणजे टेबलावर ठेवल्यावर समोरासमोरचे दोन कोपरे टेकत असतील आणि दोन वर राहत असतील, तर ग्रेन कडेला समांतर नसून तिरका गेला आहे. घराच्या त्रिकोणी दर्शनी भिंतीत आणि चांदणीत हे फार घडते, कारण त्या आपण खोक्याच्या उरलेल्या कोपऱ्यात जशा मावतील तशा फिरवून बसवतो. दोन थर एकमेकांवर चिकटवलेले असून तुकडा घोड्याच्या खोगिरासारखा एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळला असेल, तर दोन थरांचे ग्रेन एकमेकांना काटकोनात आहेत आणि प्रत्येक थर आपापल्या दिशेने ओढतो आहे. प्लायवूडमध्ये थर काटकोनातच ठेवतात हे खरे, परंतु तिथे थरांची संख्या विषम असते आणि मधल्या थराच्या दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. दोनच थरांत तो समतोल साधत नाही.

नव्याने काहीही न चिकटवता, काही न रंगवता, तयार वस्तू चार-आठ दिवसांनी वळली तर कारण हवेत असते. त्याकडे शेवटी येऊ.

ग्रेन ओळखणे

सर्वांत सोपी तपासणी हातांनीच होते. पुठ्ठ्याचा तळहाताएवढा चौकोन घेऊन तो आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने हलकेच, घडी न पडू देता वाकवावा. ज्या दिशेने तो मुकाट्याने वळतो त्या वळणाच्या सुरळीला समांतर ग्रेन असतो. दुसऱ्या दिशेने तो स्प्रिंगसारखा विरोध करतो. हाताला फरक कळत नसेल तर एका कडेला थोडे फाडून पाहावे: ग्रेनच्या दिशेने फाट सरळ जाते, आडव्या दिशेने ती भरकटते आणि कड दातेरी होते.

पुनर्वापरात आलेल्या पुठ्ठ्यांत, विशेषतः वहीच्या पाठीमागच्या करड्या पुठ्ठ्यात, हे दोन्ही प्रयोग कधी कधी फसतात, कारण त्यात पुन्हा लगदा केलेले आखूड तंतू असतात आणि दिशेचा फरक बोटांना जाणवत नाही. तिथे पाण्याची तपासणी करावी. त्या पुठ्ठ्याचा पाच सेंटिमीटरचा चौकोन कापून त्याच्या एका कोपऱ्यावर खोक्याच्या उभ्या कडेच्या दिशेने बाण काढावा, मग ओल्या बोटाने एकाच बाजूला पाण्याचा हात फिरवून, ओली बाजू वर करून तो काचेवर ठेवावा. अर्ध्या मिनिटात चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या कडा काचेला चिकटून राहतात आणि मधला भाग कमानीसारखा उचलला जातो. कमानीखालून आरपार पाहिले तर बोगद्यासारखी जी दिशा दिसते तोच ग्रेन. मी आता प्रत्येक नवे खोके उलगडले की आधी हा चौकोन कापतो आणि मग संपूर्ण खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने सात-आठ बाण काढून ठेवतो, कारण एकदा तुकडे कापले की कोणता तुकडा कुठून आला हे आठवत नाही.

नालीदार पुठ्ठ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद बसवलेला असतो. यंत्रावर कागद पुढे जाताना नाल्या त्याच्या चालीला आडव्या पडतात, म्हणून सपाट कागदांचा ग्रेन नाल्यांना काटकोनात असतो. हा पुठ्ठा ओळखू येतो नाल्यांवरून आणि सहज वाकतोही नाल्यांना धरूनच. तसे पाहिले तर नागमोडी कागदाचा जन्मच वाकण्यासाठी झाला होता: १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली आणि अ‍ॅलन यांनी त्याचे पेटंट घेतले ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी, आणि काचेच्या वस्तू गुंडाळण्यासाठी त्याचा उपयोग सुचवणारे अल्बर्ट जोन्स यांचे पेटंट १८७१ चे, न्यूयॉर्कमधले. चिमुकल्या कामासाठी तीन-चार मिलिमीटर जाडीचा खोक्यांचा नेहमीचा नालीदार पुठ्ठा फार ओबडधोबड पडतो. लहान उपकरणांच्या खोक्यांत दीड मिलिमीटरच्या किंवा त्याहूनही बारीक नाल्यांचा पुठ्ठा मिळतो, तो घराच्या तळासाठी उत्तम.

कापताना नियम सोपा ठेवावा. भिंतीची आणि छपराची जी बाजू लांब आहे तिला समांतर ग्रेन घ्यावा, म्हणजे आक्रसण्याची दिशा अरुंद बाजूकडे जाते आणि बाक पडलाच तरी तो फार कमी भरतो. छपराच्या मधली घडी बहुधा लांबीला धरूनच असते, त्यामुळे घडीही ग्रेनच्या दिशेने येते आणि तिला तडा जात नाही. चांदणीला लांब बाजूच नसते. तिच्या बाबतीत दिशेवर विसंबून चालत नाही, तिथे दोन्ही बाजूंचा समतोलच कामाला येतो.

चिकटवणे आणि दाबून ठेवणे

या समस्येवरचा मुख्य उपाय एकच आहे: पुढच्या बाजूला जे कराल तेच मागच्या बाजूलाही करावे. पुढे रंगीत कागद चिकटवला तर मागे त्याच जाडीचा, कोणताही साधा कागद, तोच ग्रेन धरून आणि त्याच गोंदाने चिकटवावा. बांधणीच्या कामात याला अस्तर म्हणतात. अस्तराचा कागद वर्तमानपत्राचा चालतो का, असा प्रश्न येतो. पुढचा कागद तितकाच पातळ असेल तर चालतो, पुढे जाड कागद असेल तर वर्तमानपत्र त्याच्या ओढीला पुरे पडत नाही. पुठ्ठ्यावर एका बाजूला कारखान्यात केलेली गुळगुळीत छपाई असेल तर ती बाजू पाणी कमी पिते आणि उघडी करडी बाजू अधिक पिते, म्हणून दोन्हीकडे सारखा गोंद लावूनही थोडा बाक राहू शकतो. छापील बाजूवर २२० किंवा २४० क्रमांकाच्या पॉलिश पेपरचा हलका हात फिरवून चकाकी घालवली की हा फरक बराच कमी होतो आणि गोंदही तिथे नीट धरतो.

गोंद कमीत कमी लावणे हा त्यानंतरचा उपाय. बाटलीच्या तोंडातून नागमोडी रेघा ओढून वर कागद ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्यात रेघेखाली पाण्याचे तळे आणि रेघांमध्ये कोरडा पट्टा राहतो, आणि वाळल्यावर कागदावर रेघा उमटतात. त्याऐवजी पुठ्ठ्याच्याच बोटभर रुंद पट्टीने गोंद ओढून इतका पातळ करावा की खालच्या पुठ्ठ्याचा रंग त्यातून दिसावा. गोंद दाट वाटला म्हणून त्यात पाणी मिसळू नये. पिठाची खळ कागदकामाला गुणाची असली तरी तिच्यात पाणी फार असते आणि कसर लागण्याचीही भीती असते, म्हणून पातळ पुठ्ठ्याच्या चिमुकल्या कामाला मी ती वापरत नाही. गोंदाची कांडी पाणी कमी सोडते आणि कागद लावायला बरी पडते, पण भिंतींचे सांधे ती धरून ठेवत नाही. दुतर्फी चिकटपट्टीत पाणीच नसते, त्यामुळे मोठा सपाट पृष्ठभाग झाकायला ती सर्वांत निर्धोक आहे. ग्लू गनच्या वितळलेल्या गोंदातही पाणी नसते, परंतु त्याचा थर जाड होतो आणि पाच सेंटिमीटरच्या घराच्या कोपऱ्यात तो शेंबडासारखा दिसतो. आतल्या, न दिसणाऱ्या सांध्यांपुरता तो ठेवावा.

आता वजनाबद्दल. वजन बाक घालवत नाही. पाणी उडून जाईपर्यंत तुकड्याला हलू न देणे एवढेच त्याचे काम असते. दोन चुका इथे नेहमी होतात. पहिली म्हणजे तुकड्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे प्लास्टिक किंवा बटर पेपर ठेवणे: गोंद पुस्तकाला लागू नये म्हणून ते ठेवले जाते, पण त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही, रात्रभर तुकडा दबून ओलाच राहतो आणि वजन काढल्यावर उघड्या हवेत वाळून वळतो. खाली सपाट फळी, तिच्यावर टीपकागद किंवा साध्या कागदाचे चार-पाच ताव, मग तुकडा, पुन्हा तितकेच ताव, वर दुसरी फळी आणि तिच्यावर वजन, असा क्रम ठेवावा. गोंद कडेतून बाहेर आला असेल तेवढ्याच जागी बटर पेपरची पट्टी लावावी. अर्ध्या तासाने ताव बदलून कोरडे घालावेत, कारण पहिले ताव तोवर दमट झालेले असतात. हा एक ताव-बदल मी आळसाने टाळला त्या प्रत्येक वेळी मला पुढच्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागली.

दुसरी चूक म्हणजे वजन लवकर काढणे. पांढरा गोंद वीस-तीस मिनिटांत धरतो, पण पुठ्ठ्यात शिरलेले पाणी तेवढ्यात जात नाही. दोन्ही बाजूंना कागद लावलेल्या तुकड्याला मी पूर्ण २४ तास देतो आणि हवा दमट असेल तर त्याहून अधिक. तुकडा वाळला की नाही हे बोटाला कळत नाही, गालाला कळते: तो गालावर टेकवावा, गार लागला तर आत ओल आहे आणि अजून पाणी उडते आहे असे समजून त्याला पुन्हा फळ्यांमध्ये घालावे.

शक्य असेल तर चिकटवणे आधी आणि आकार कापणे नंतर, असा क्रम उलटा करून पाहावा. दोन्ही बाजूंना कागद लावलेला पोस्टकार्डाएवढा ताव दाबून वाळवावा आणि मग त्यातून छपरे, भिंती, चांदण्या कापाव्यात. छोटा तुकडा स्वतंत्रपणे चिकटवला की त्याच्या कडा आधी वाळतात आणि मधला भाग मागे राहतो. मोठ्या तावातल्या कडा फेकूनच द्यायच्या असल्यामुळे ही अडचण येत नाही. माझ्या नऊ घरांच्या दुसऱ्या ओळीत मी फक्त हाच बदल केला असता तरी निम्मे काम झाले असते, असे आता वाटते.

रंग, चमकी आणि वरचा थर

अ‍ॅक्रिलिक रंग आणि पोस्टर रंग दोन्ही पाण्याचेच असतात, म्हणून गोंदाबद्दल जे सांगितले ते त्यांनाही लागू आहे. पातळ दोन हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा आणि मागच्या बाजूलाही तितकेच हात द्यावेत. मागे उरलासुरला, कोणत्याही रंगाचा लावला तरी चालते. रंगाआधी पुठ्ठा बंद करून घेतला तर अधिक चांगले. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक पातळ हात दोन्ही बाजूंना दिला की पुठ्ठ्याची तहान भागते, आणि त्यात पाणी नसल्यामुळे बंद करतानाच तुकडा वाकत नाही. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि कोणतीही ज्योत जवळ नसताना करावे, कारण स्पिरिटची वाफ पेट घेते. लाख नको असेल तर पांढऱ्या गोंदाचाच अगदी पातळ हात दोन्ही बाजूंना देऊन, दाबून वाळवून मग रंगवता येते. वेळ जास्त लागतो, इतकेच.

चमकी हा स्वतंत्र उपद्रव आहे. छपरावर बर्फासारखी चमकी बसावी म्हणून गोंदाचा जाड थर दिला जातो, आणि वर चमकी असल्यामुळे तो दाबून ठेवता येत नाही. अशा छपराला घरावर आधी पक्के बसवावे, सांधे एक दिवस वाळू द्यावेत आणि मगच चमकी लावावी. भिंतींनी दोन बाजूंनी धरून ठेवलेले छप्पर वळायला जागाच मिळत नाही.

आधीच वाकलेला तुकडा सरळ करणे

ज्या तुकड्याच्या मागची बाजू अजून उघडी आहे तो बहुतेक वेळा वाचवता येतो. फुगवट्याच्या बाजूला, म्हणजे कोरड्या राहिलेल्या बाजूला, पुढच्यासारखाच कागद त्याच गोंदाने चिकटवून वर सांगितल्याप्रमाणे फळ्यांमध्ये दाबावा. वाळताना ती बाजू आक्रसते आणि तुकडा हळूहळू मधल्या जागी येतो. त्याला उलट्या दिशेने जबरदस्तीने वाकवून ‘कस काढण्याचा’ मोह टाळावा, विशेषतः रंग लागलेला असेल तर, कारण रंगाला बारीक भेगा पडतात आणि त्या पुन्हा रंगवूनही जात नाहीत.

दोन्ही बाजूंना कागद असूनही बाक राहिला असेल तर दोन्हीकडे दुरून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारून, पाच मिनिटे थांबून, तावांमध्ये दोन दिवस दाबावे. पाण्याने पसरणाऱ्या रंगावर हे करू नये. जोडून झालेल्या घराची भिंत आत वळली असेल तर ती उघडण्यापेक्षा आतून भिंतीच्या लांबीची, तीन-चार मिलिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी वळणाच्या आडव्या दिशेने उभी चिकटवावी. पट्टी उभी असल्यामुळे ती फारशी वाकत नाही आणि भिंतीला सरळ धरून ठेवते. बाहेरून कोणालाही दिसत नाही.

बाकासारखे दिसणारे इतर दोष

कोपरा उघडला की भिंत वाकली असे वाटते, पण पुष्कळदा घडीची खूण नीट पडलेली नसते. घडी कापून नव्हे तर दाबून घ्यावी: पोलादी पट्टीच्या कडेने बिनशाईचे बॉलपेन दोन-तीनदा ओढले की तंतू न तुटता खळगा पडतो. नालीदार पुठ्ठ्याचे सपाट कागद नाल्यांपासून सुटले असतील तर तो बाक नसून आतला स्टार्चचा गोंद पाण्याने सुटला आहे. तिथे पुन्हा पाण्याचा गोंद न ओतता तुकडा बदलावा. मेणचट किंवा प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या खोक्यावर गोंद मुळात धरतच नाही. पाण्याचा थेंब टाकून दोन मिनिटे पाहावे, तो मण्यासारखा उभा राहिला तर ते खोके या कामाचे नाही, आणि तेलकट डाग पडलेलेही नाही. कागदी रोलच्या नळकांड्या उलगडून सपाट करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण त्या तिरक्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या असतात आणि ओल लागली की त्या पिळाने सुटतात. त्यांचे मनोरे आणि कंदील करावेत, भिंती करू नयेत.

पेटीत ठेवल्यावर

वर्षभराने पेटी उघडल्यावर सपाट ठेवलेल्या वस्तू वळलेल्या सापडतात, त्याचे कारण एकच बाजू रंगवलेली असणे. हवा दमट झाली की उघडी बाजू सादळते, रंगलेली बाजू सादळत नाही, आणि गोंदाशिवायच तोच एकतर्फी खेळ पुन्हा सुरू होतो. कागदाच्या चाचण्यांसाठी २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता ही हवा प्रमाण धरली आहे. घरात ती राखता येत नाही, पण घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या एवढ्याने चढउतार पुष्कळ कमी होतात. वस्तू डब्यात घालण्याआधी दोन दिवस कोरड्या दिवसांतल्या मोकळ्या हवेत राहू द्याव्यात, नाहीतर आतली ओल आतच कोंडली जाते. घरे एकावर एक न रचता मध्ये चुरगळलेला कागद घालावा.

मांडून ठेवलेल्या वस्तूंजवळ तापणारा दिवा असला तर दिव्याकडची बाजू आधी वाळते आणि तिकडेच वळते. घरांच्या आत उजेड हवा असेल तर सेलवर चालणारे छोटे एलईडी दिवेच वापरावेत, खरी ज्योत पुठ्ठ्याच्या घरात कधीही ठेवू नये; आणि बटणासारखे सपाट सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे बंद करावेत, कारण ते गिळले गेले तर जिवावर बेतते.

एवढे सगळे सांभाळूनही तिरक्या ग्रेनच्या चांदण्या आणि काटकोनात चिकटवलेले दोन थर कधी कधी हट्टाने वळलेलेच राहतात. त्यांच्यामागे दोन दिवस घालवू नयेत. मी त्यांचे बोटभर रुंदीचे तुकडे करून गोंदाच्या बाटलीशेजारी ठेवतो. पुढच्या तावावर गोंद पातळ ओढायला थोडी वळलेली पट्टीच सोयीची पडते.